परक्या घरचा मुखवटा

निंबाजीराव आप्पांची आणि माझी पहिली भेट सुरतेच्या उधन्यातल्या एका साडी-कारखान्याच्या माळ्यावर झाली. मी बारावीत आपटी खाऊन घरी बसलो होतो. वडिलांनी हाताला धरून वर नेलं आणि म्हणाले, "आप्पा, याला काहीतरी शिकवा." आप्पा साडीच्या काठाचं डिझाईन ग्राफच्या कागदावर चौकोन भरत काढत होते. त्यांनी माझ्यापुढे एक साडी टाकली आणि मत विचारलं. मी वेलबुट्टीचं तोंडभरून कौतुक केलं. आप्पांनी साडी उलटी केली. "पहिल्यांदा ही बाजू बघायची. चूक इथे दिसते." दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

आज आप्पांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. जॅकार्ड मागावर विणायच्या डिझाईनमधलं त्यांचं काम या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलं आहेच. मला त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल लिहायचं आहे. त्या कामात मी त्यांचा मदतनीस होतो. कसला मदतनीस, ते पुढे येईलच. ग्रंथाच्या समितीला मी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा फोन आप्पांचाच आला. "लिही. पण काही झाकू नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

पन्नासेक वर्षांपूर्वीच्या लढाईत सरहद्दीकडे रसद नेणाऱ्या ट्रकांवर आमच्या खानदेशातले बरेच ड्रायव्हर होते. पलीकडची माणसं घरंदारं टाकून पळालेली होती. उघड्या घरांतून कुणी काय, कुणी काय उचललं. पुढे हीच माणसं पोटापाण्यासाठी सुरतेला आली आणि त्या वस्तूही आल्या. आप्पांच्या थोरल्या भावांनी एक भरतकाम केलेली गोधडी आणली होती. आप्पांनी सवयीने ती उलटी केली, तर कोपऱ्यात अनोळखी लिपीत काहीतरी टाचलेलं. त्यांनी ते वाचून घेतलं. एका मुलीचं नाव होतं. त्या मुलीचं घर शोधायला आप्पांना कित्येक वर्षं लागली. गोधडी पोचली तेव्हा ती मुलगी आजी झाली होती.

तिथून आप्पा थांबले नाहीत. उधना, कडोदरा, इच्छापोर, जिथे म्हणून आपली माणसं होती तिथे ते सुट्टीच्या दिवशी सायकलवर जायचे. कुणाच्या घरात लाकडी कोरीव चौकट, कुणाकडे रंगवलेला पट. लोक आधी दारच उघडत नसत. आप्पा कुणाला चोर म्हणत नसत. ते वस्तू समोर ठेवून तिचं हुबेहूब चित्र ग्राफवर काढायचे, पुढून आणि मागून, आणि ते चित्र त्या घराला द्यायचे. भिंत उघडी राहू नये म्हणून. मग सरकारी परवानग्या, दाखले, पार्सल. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने पट देताना ढसाढसा रडून घेतलं, तर आप्पा दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळ घेऊन जात राहिले. त्या घरी पोलीस येईल अशी भीती होती, फराळ आला.

पत्रं इंग्रजीत यायची आणि आप्पांना इंग्रजी येत नाही. ती वाचून दाखवणं आणि उत्तरं लिहिणं माझ्याकडे होतं. लोक माझंही कौतुक करायचे. मी ते घ्यायचो.

आठ वर्षांपूर्वी पलीकडच्या एका वृद्ध बाईंचं पत्र आलं. त्यांच्या देवघरातला देवीचा पितळी मुखवटा गेला होता. तळहाताएवढा, डावा कान तुटलेला, हनुवटीखाली तीन ठिपके. मी पत्र वाचत होतो आणि एकेक खूण मला ओळखीची होती. श्रावणात आमच्या घरी कानबाई, आम्हा खानदेशी लोकांची देवी, बसते. नारळाला नथ-काजळ घालून देवी सजवायची, ही सगळ्यांची रीत. आमच्या नारळाला मात्र पितळी मुखवटा असायचा. वडिलांनी आईला सांगितलं होतं की तो जत्रेत घेतला. मला त्यांनी शेवटच्या आजारपणात खरं सांगून टाकलं होतं: त्या लढाईत तेही ट्रकवर होते आणि मुखवटा पलीकडच्या एका उघड्या घरातला होता.

मी आप्पांना पत्र वाचून दाखवलं. कान आणि ठिपके गाळले. आणि उत्तर लिहिलं: सुरतेत कुणाकडे नाही.

वडिलांचं नाव जाईल, आईची कानबाई जाईल, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण हलकं होतं. दुसऱ्यांच्या घरातून वस्तू काढून घेताना मिळणारा मान मला आवडत होता आणि स्वतःच्या घरातली वस्तू जाऊ द्यायची नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्या वृद्ध बाईंच्या मुलीचं पत्र आलं. आई गेली, पण मुखवट्याचा शोध सोडू नका, असं ती लिहीत होती. वर्णन पुन्हा दिलं होतं. त्या दिवशी मी गावी होतो. आप्पांनी ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं. त्याच श्रावणात ते नेहमीप्रमाणे कानबाईच्या दर्शनाला आमच्याकडे आले आणि आईला त्या बाईंची हकीकत सांगू लागले. तुटलेल्या कानाचं ऐकून आई सहज बोलून गेली, "आमनी कानबाईना बी डावा कान तुटेल शे, आप्पा."

आप्पांनी आईची परवानगी मागून फुलं बाजूला केली. कान दिसला. हनुवटीवरचं कुंकू बोटाने पुसलं. तीन ठिपके दिसले. मी मान खाली घातली, तेवढ्यावरून आईला सगळं कळलं.

"पन्नास वरीस दुसरानी माय मी घरमा ठेवी," आई म्हणाली, "आन तुले माहीत व्हतं?"

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी इथे पाया पडलो. कान नाही बघितला." माझ्या खोटेपणाची लाज त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली, हे मला अजून सहन होत नाही.

सोमवारी, कानबाईच्या विसर्जनानंतर, आईने मुखवटा चिंचेने घासला. वर्षानुवर्षांचं कुंकू निघालं तसा चेहरा वेगळाच, कुणा अनोळखी तरुण बाईचा दिसायला लागला. माहेरवाशिणीची भरावी तशी आईने तिची ओटी भरली, खण आणि नारळ पुढ्यात ठेवला. आप्पांनी चित्र काढलं. ते आईने घेतलं नाही. "माले नको. नारळ शे ना," म्हणाली. गेल्या श्रावणात आमच्या कानबाईला नुसते काजळाचे डोळे होते.

आता आप्पा मला पत्रांपासून दूर करतील, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी पुढच्याच आठवड्यात आलेलं पाकीट माझ्यासमोर सरकवलं. "वाच. सगळं वाच."

कागदपत्रांत वर्ष गेलं. मुखवटा पोचल्याचं पत्र या वर्षी आलं. मुलीने आभार मानले होते आणि शेवटी विचारलं होतं: तुमचं जुनं पत्र आईने जपून ठेवलं होतं. त्यात सुरतेत कुणाकडे नाही असं होतं. मग तो सापडला कुठे?

मी आप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुला विचारलंय."

मी लिहिलं: आमच्या घरात. तेव्हाही तिथेच होता. तुमच्या आई हयात होत्या तेव्हा मला माहीत होतं.

त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. आप्पांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे डोळे आणि गुडघे त्यांना साथ देवोत, ही प्रार्थना या ग्रंथात सगळेच करतील. माझ्या प्रार्थनेत माझा स्वार्थ आहे. ते उत्तर येईल त्या दिवशी आप्पांनी समोर बसलेलं असावं. एकट्याने ते पाकीट फोडायची माझी छाती नाही.