मापावरची रेघ

धाराशिवच्या दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी शाळेत फळा पुसत होतो. गणपतअण्णा गेले... आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यापाशीच होतो. हुडहुडी भरून ताप, रक्तात विष भिनलेलं, आणि डॉक्टर अंगभर जखम शोधून थकलेले. अण्णांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "जखम आत हाय, गुरुजी. अस्तर गेलंय."

ते काय सांगत होते हे तिथं फक्त मला कळलं. आमच्या माकणी गावात अण्णा गुरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसर होते. बहात्तरच्या दुष्काळात जनावरांच्या छावणीवर मी त्यांच्या मदतीला असायचो. उपाशी जनावराला पहिल्या दिवशी भरडा किती घालायचा, यासाठी त्यांनी पत्र्याच्या मापात खिळ्यानं रेघ ओढली होती, पार तळाजवळ. मला तो चिक्कूपणा वाटायचा. एका हाडं निघालेल्या बैलाची कीव येऊन मी त्याला मापंच्या मापं ज्वारी घातली. दोन दिवसांत बैल मेला. अण्णांनी पोट फाडून दाखवलं, आतलं अस्तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटून येत होतं. पोटातले जंतू पोटात आहेत तोवर आपले चाकर, त्यांनी समजावलं. भुकेनं, धसक्यानं भिंत कच्ची झाली आणि वर असा मारा झाला, की तेच रक्तात घुसतात. बाहेरचा वैरी लागतच नाही. बैलाच्या मालकाला त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. "माया करूनच मारलंत तुम्ही," एवढंच मला म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली. संकरित गाई घ्या म्हणून अण्णाच घरोघर फिरले. यंदा पुन्हा पावसानं दगा दिला, लोक गाई बाजारात काढू लागले, तेव्हा आठ दिवस थांबा, चारा येतोय, असा शब्द देऊन त्यांनीच अडवलं. चारा आला नाही. दावणीला बसलेल्या गाई उठल्याच नाहीत. अण्णांची झोप गेली, जेवण तुटलं. भाकरी पुढं केली की म्हणायचे, "दावणीला उपास हाय, मला कसं गिळंल?" महिनाभर मी हे बघत होतो. अस्तराचा धडा त्यांनी मलाच दिला होता, आणि मी मात्र केवढा तत्त्वाचा माणूस म्हणून चारचौघांत त्यांचं कौतुक करत राहिलो.

डॉक्टर नंतर म्हणाले, उपासमारीनं आणि मनाच्या ताणानं आतड्याची भिंत ढिली पडू शकते, पण यांचं तसंच झालं हे खात्रीनं सांगता येत नाही. मला खात्री आहे. ती घेऊन मी कुठं जाऊ?

परवा चाऱ्याची आणि भरड्याची पहिली गाडी आली. उरलेल्या गाईंसाठी मी तेच माप हातात घेतलं. पत्रा गंजलाय, पण रेघ बोटाला लागते. रेघेपर्यंतच भरडा घातला. गाय घमेलं चाटूनपुसून माझ्याकडं बघत राहिली, मान पुढं करून अजून मागत राहिली... आणि मी रडत रडत तिला नाही म्हणालो.