नाव नसलेले मिस्ड कॉल

बाबांच्या फोनवर जाहिरातींचा पाऊस पडतोय हे मला फार उशिरा कळलं. फोन टुणटुण वाजायचा, ते ऐकू यायचं. पण कोणीतरी निवृत्त मित्र सुविचार आणि फुलांचे फोटो पाठवत असेल असं मी धरून चालले होते. मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. दिवसभर अर्धवट भरलेले फॉर्म मुलांना परत करते. घरी आल्यावर आणखी कोणाच्या फोनमध्ये डोकं घालायची मला हौस नाही.

बाबा दोन वर्षांपासून माझ्याकडे मनीषनगरला होते. त्याआधी कामठीला, माझ्या धाकट्या भावाकडे. आई गेल्यावर उमरेडचं घर बंद करून भावाने त्यांना नेलं आणि सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी भावाच्या सासरची माणसं जेवायला आली. नातवाला कोणत्या शाळेत घालायचं यावर बोलणं चाललं होतं, बाबा सवयीप्रमाणे आपलं मत ठणकावून सांगत होते, आणि भाऊ म्हणाला, "बाबा, तुम्ही मधात बोलू नका."

एवढंच. बाबा ताटावरून उठले, हात धुतले, पिशवी भरली, शेअर ऑटोत बसले आणि तडक माझ्या दारात आले. आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होते. त्यांच्या गाडीत घंटी त्यांच्याच हातात असायची, त्यामुळे आपल्याला कोणी गप्प करू शकतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी दिलेलं पाणी तसंच ठेवून त्यांनी फोन पुढे केला. "त्याचं नाव काढून टाक याच्यातून."

मी काढलं. आठवड्याभरात परत टाकायला लावतील असं वाटलं होतं. लावलं नाही. भावाचाही फोन आला नाही. मी दोघांशी एकेकदा बोलून पाहिलं, तर दोघांनी शब्दाला शब्द जुळेल असं उत्तर दिलं: "त्याले गरज असन तं करन" आणि "त्याहिले गरज असन तं करतीन." मला संताप आला. कामठी काही विलायतेत नाही. पण यांचा निरोप्या व्हायला मला वेळ नव्हता, म्हणून मी तो विषय सोडून दिला. दिवाळीत मी भावाकडे जाऊन यायचे. बाबा काही विचारायचे नाहीत, फक्त तिकडून आणलेला चिवडा इकडच्यापेक्षा लवकर संपायचा.

जाहिरातींचं प्रकरण गॅस सिलिंडरमुळे उघडकीस आलं. दुपारी घरी बाबाच असतात म्हणून सिलिंडरची नोंदणी मी त्यांच्या नंबरावरून करते. त्या शनिवारी मला सुट्टी होती. सिलिंडरवाला दारात उभा राहून फोनवर आलेला कोड मागत होता, आणि मला तो सापडेना. बाबांचा फोन म्हणजे बुधवारचा बाजार झाला होता. आपके फोन में चार वायरस. गुडघेदुखीचं तेल. आपण कार जिंकली आहे. एक बाई गालावर हात ठेवून लिहीत होती की ती एकटी आहे. ती कोण, हे मी बाबांना विचारलं नाही. आणि या सगळ्यात पुन्हा पुन्हा हिरवा रिसीव्हर, त्यावर लाल ठिपका: मिस्ड कॉल, एक. सिलिंडरवाल्याने खांद्यावरचं ओझं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. कोड सगळ्यांत खाली निघाला.

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मागे असंच झालं होतं, त्यामुळे उपाय मला माहीत होता. यात व्हायरस वगैरे काही नसतो. एखादी वेबसाइट विचारते, तुम्हाला सूचना पाठवू का, आणि कोणीतरी 'अनुमती द्या' दाबतं. मग ती रोज येऊन बसते. बाबांना रोज शब्दकोडं सोडवायचा नाद आहे. फुकटच्या कोड्यांच्या शोधात ते कुठकुठल्या साइटवर जायचे आणि प्रत्येकीला अनुमती द्यायचे.

चहा झाल्यावर मी चष्मा लावून त्यांच्याजवळ बसले. "बाबा, हे सगळ्याले हो काहून म्हटलं तुम्ही?"

"ते विचारून राहिले होते नं. विचारल्यावर नाही काहून म्हणाचं? माणसानं हात दाखवला तं गाडी थांबवा लागते."

"ही माणसं नाहीत, बाबा."

"मले काय मालूम. हात तं दाखवला."

मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले, मग साइट सेटिंग, मग सूचना. अनुमती दिलेल्यांची यादी खाली सरकवता सरकवता अंगठा दुखला. एकेकीवर बोट ठेवायचं आणि 'ब्लॉक' करायचं. कामात एक प्रकारचं समाधान होतं, गव्हातले खडे वेचताना असतं तसं. बाबा शेजारी बसून पाहत होते. तेलवाला गेला, कारवाला गेला, ती एकटी बाई गेली. बाबांनी कशालाच हरकत घेतली नाही. मग ते अचानक म्हणाले, "ते मिस्ड कॉलवालं राहू दे."

"तेही जाहिरातच आहे."

"जाहिरात नोहे ते." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "तो करून राहिला. दोन-तीन महिने झाले. दिवसातून चार-चार खेपा करते. मी उचलत नाही."

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं, "तुम्हाले कसं मालूम, तोच आहे म्हणून?"

"बाकी सगळ्याहिचं नाव येते याच्यात. याचं नाव येत नाही. नाव काढलेला एकच आहे."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की मला हसू आलं आणि ते मी दाबलं. माणूस खूश होता. दोन वर्षं ज्याने विचारलं नाही तो मुलगा आता दिवसातून चार वेळा फोन करतोय, आणि आपण उचलत नाही, हा त्यांचा मोठा आनंद होता. मी कॉलची यादी उघडून पाहिली. भावाचा नंबर मला ओळखीचा. तो तिथे एकदाही नव्हता.

खरं सांगून टाकावं असं मला वाटलं नाही. उलट ती एक साइट तशीच ठेवावी, असा विचारही आला. काय बिघडणार होतं? पण मग लक्षात आलं की बाबांनी त्या हिरव्या रिसीव्हरवर आजवर बोट ठेवलं नव्हतं ते केवळ उचलायचं नाही म्हणून. त्यांच्या हट्टाने त्यांना वाचवलं होतं. ज्या दिवशी त्यांचं मन विरघळेल त्या दिवशी ते मुलाचा फोन म्हणून तो दाबतील, आणि पलीकडे कोण भामटा बसलेला असेल देव जाणे. मी ती साइटही ब्लॉक केली.

"ठेवलं नं?" बाबांनी विचारलं.

"ठेवलं," मी म्हटलं. मी बाबांशी सहसा खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलले आणि मला वाईट वाटलं.

फोन गप्प झाला. पहिले दोन दिवस बाबा तो उलटसुलट करून पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बनियनच्या टोकाने स्क्रीन पुसला. चौथ्या दिवशी म्हणाले, "तू काही बिघडवलं तं नाही याच्यात? फोन लावून पाह्य बरं." मी स्वयंपाकघरातून लावला. व्यवस्थित वाजला. तो वाजला याचंच त्यांना वाईट वाटलं, हे मला ओट्याजवळून दिसलं. मला ऑफिसला उशीर होत होता. मी डबा भरला आणि निघाले.

शुक्रवारी जेवताना त्यांनी विचारलं, "त्याची तब्येत बरी आहे काय?"

"असेल की. काहून?"

"काही नाही. भाजी वाढ."

शनिवारी शब्दकोडं अर्धंच राहिलं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला स्वतःचाच राग येत होता. फोन साफ केला, जाहिराती गेल्या, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकू लागली. सगळं बरोबर केलं होतं आणि घरात एक माणूस खचत चालला होता. भावाला फोन करून झापावं असं दोनदा मनात आलं. नाही केला. मला कोणाचा फोन मागून आणायचा नव्हता.

रविवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते. बाबा गॅलरीत खुर्चीवर होते. त्यांनी फोन मांडीवर घेतला आणि एका बोटाने एकेक आकडा दाबायला सुरुवात केली. वही नाही, चिठ्ठी नाही. दहाच्या दहा आकडे तोंडपाठ.

"हॅलो. मी बोलून राहिलो." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "काहून गा, फोन काहून बंद केले तू? बरा आहेस नं?"

मी गॅलरीच्या दाराकडे सरकले.

"इतके दिवस तू करत होता, मी उचलले नाही. माह्यं चुकलं ते. माणसानं एवढं ताणू नाही."

आता भाऊ म्हणणार, कोणते फोन? मी तर केलेच नाहीत. मी मेथीची जुडी हातात धरून त्याची वाट पाहत बसले. बाबा फोन कानाला घट्ट धरून ऐकत होते. मग बाबा म्हणाले, "हो. हो. नाही, अजून जेवलो नाही. मेथी निवडून राहिली ती. तू जेवला?" आणि मग नातवाची शाळा निघाली, आणि बाबा मत देऊ लागले.

दुपारी भावाचा मला फोन आला. आवाज बसलेला होता. "ताई, मी बाबाले एकही फोन नाही केला."

"मले मालूम आहे."

"मंग ते काय म्हणून राहिले होते?"

मी त्याला जाहिरातीचं सांगितलं. "तू काय म्हटलं त्याहिले?" मी विचारलं.

"काय म्हणू? म्हटलं, हो बाबा, मी रोज करत होतो." त्याने नाक ओढलं. "आता रोजच करा लागन, ताई."

"कर मग," मी म्हटलं.

संध्याकाळी सात वाजता बाबांचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव नव्हतं, नुसता नंबर. बाबांनी पहिल्या रिंगला उचलला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणखी दोन रिंगा जाऊ दिल्या, आणि मग उचलला.