माझ्या मावसभावाचा सत्कार

जगातल्या सगळ्या दुष्टांनी मिळून मला आणला नसेल एवढा संताप माझ्या एकट्या सज्जन मावसभावाने आणला आहे. उंची सहा फूट सात इंच आणि राग औषधालाही नाही. पंधरा वर्षं तो परदेशात बास्केटबॉल खेळून पोट भरतो आहे. करार एका हंगामाचा, म्हणून दरवर्षी नवा देश: कधी फिलिपिन्स, कधी लेबनॉन, कधी पोर्तुगालातली खालची लीग. गुडघा सुजला की नारळ. एकदा सरावाला गेला तर हॉलला कुलूप, क्लबच बंद पडलेला. मी कुलूप फोडलं असतं. याने तिथल्या वॉचमनबरोबर चहा घेतला आणि मला फोन केला, “आक्का, हितला च्या लई कडू हाय बघ.”

त्याच्या बॅगेत बुटांच्या आत कांदा-लसूण चटणीच्या पुड्या असतात, त्यामुळे प्रतिस्पर्धी त्याच्या जवळ यायला कचरतात असं तो अभिमानाने सांगतो. दारांची त्याने एवढी धास्ती घेतली आहे की मैदानाच्या फाटकातून, जिथे वर नुसतं आभाळ आहे, तिथूनही तो वाकूनच जातो. आणि आमची पेठ! इथे खेळ दोनच, कुस्ती आणि फुटबॉल. “एवढी उंची आनि लाल मातीत न्हाय? वाया गेलं की पोरगं!” असं कुणी तोंडावर म्हणालं, तरी हा म्हणतो, “व्हय, चुकलंच.”

यंदा मात्र त्याने परदेशातला नवा करार सहीविना ठेवला. “आता बास, आक्का. पेठेतल्या पोरींना शिकवतो.” मैदानात एकच लोखंडी खांब, त्यावर वाकडी रिंग, तिथेच तो शिकला होता. महिन्याभरात आठ मुली यायला लागल्या. हे मंडळाला कळलं, आणि सत्कार केल्याशिवाय आमच्या लोकांना अन्न पचत नाही. फ्लेक्स लागला: धड कुणा फुटबॉलवाल्याचं, मुंडकं याचं. मी भडकले. हा म्हणाला, “फोटो झ्याक आलाय की.” सत्काराच्या सकाळी मंडळाचा अध्यक्ष छाती फुगवून मला म्हणाला, “आक्का, चाळीस फुटी स्टेज घातलंय तुमच्या भावासाठी! मधी त्यो खांब येत हुता, गॅस कटरनं उडिवला.” त्यावर मी जे बोलले ते शाळेत शिकवणाऱ्या बाईने बोलू नये. आणि ज्याचा खांब कापला तो फेटा बांधून घ्यायला गुडघ्यांवर बसला होता, आणि आभार मानत होता!

नव्या खांबासाठी तो दोन महिने मंडळाच्या दारात खेटे घालत राहिला. “बघूया, गणपती होऊ दे,” आणि गणपती झाल्यावर, “तितं फुटबॉलचं गोल बसवायचं ठरलंय.” शेवटी त्याने परदेशातल्या त्या करारावर सही केली. “भांड की रे जरा!” मी ओरडले. तो नुसता हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आणि त्याची आठवणही तेवढीच येते.

निघायच्या दुपारी मुली चेंडू घेऊन आल्या. गाडी दारात उभी होती. त्याने मैदानात जाऊन दोन्ही हात डोक्यावर धरून त्यांची रिंग केली आणि म्हणाला, “टाका.” पाच-सहा चेंडू त्याच्या नाकावर आपटले. मग सगळ्यात लहान मुलीचा बरोबर आतून पडला. टाळी वाजवायला त्याचे हात मोकळे नव्हते. मीच वाजवली, रडत रडत.