मिठाच्या पुडीत गेलेली पानं

परळीहून भाच्याचा फोन आला तेव्हा उमाबाईंची पूजा चालली होती. इष्टलिंग तळहातावर असताना घरात चोर शिरला तरी ही बाई उठायची नाही, अशी वडवणीच्या त्या गल्लीत त्यांची ख्याती. पण शिवलिंगप्पाने लागोपाठ तीनदा फोन केला, तेव्हा सुनेने तो त्यांच्या कानालाच लावला.

"मावशी, आई बोलाया लागली."

उमाबाईंचे डोळे भरून आले. गंगासागरअक्काच्या अंगावरून वारं गेलं त्याला महिना होत आला होता. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. थोरल्या बहिणीसाठी उमाबाईंनी वैजनाथाला सोमवार बोलले होते. बाबा, तिचं तोंड तेवढं उघड, एवढंच मागणं.

"काय बोलली?"

"एकच बोलती. चिठ्ठी पोचली का, म्हणती. दिवसभर तेच. कुणाची चिठ्ठी, मावशी? तुमाला काई ठाऊक हाय?"

उमाबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने त्या परळीला गेल्या.

शिवलिंगप्पाचं किराणा दुकान खाली, घर वर. जिन्यातच त्याने सांगायला सुरुवात केली. आधी त्याला वाटलं बँकेची चिठ्ठी, मग वाटलं कोर्टाची. शेवटी बायको म्हणाली, हो म्हणून टाका, म्हातारीचं समाधान होईल.

"म्हणलं, पोचली आई. तर म्हणती, कुणाच्या हातानं? मी म्हणलं, पोस्टमनच्या. तवापसनं भिंतीकडं तोंड करून पडलीय. पेज बी घेईना. लेकाला खोटं पाडलं की वो तिनं, अर्ध्या तोंडानं!"

उमाबाईंनी अक्काच्या कपाळाला विभूती लावली, केसांवरून हात फिरवला. अक्काने हळूहळू मान वळवली.

"उमे," जीभ जड, शब्द लाळेत भिजलेले. "चिठ्ठी पोचली का? नदीला पाणी... घोडं बुजलंय."

उमाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अगं माय! पुस्तकातली चिठ्ठी!"

"कंचं पुस्तक?" शिवलिंगप्पा म्हणाला. "नाव सांगा मावशी, मोबाइलवर मागवतो. दोन दिसांत दारात येतंय."

"नाव ठाऊक असतं तर काय पायजे होतं, बाबा."

ते बहात्तर साल. कडा या गावापासून चार कोसांवर त्यांचं गाव, आणि गावात त्यांच्या वडिलांचं, मल्लिनाथअप्पांचं, एकुलतं एक दुकान. पावसाने पार पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ उघडे पडले, माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. पगार वाटला की सगळं गाव दुकानावर तुटून पडायचं. मूठभर मिरची, चहाची पूड, मीठ. गावच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने वाचनालय काढलं होतं. आता सरकारकडून आलेला मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी, ठेवायला जागा पाहिजे, म्हणून ती खोली रिकामी झाली आणि पुस्तकं रद्दी म्हणून गोणीत भरून अप्पांच्या दुकानात आली.

पुड्या वळायचं काम दोघी बहिणींचं. अक्का चौदाची, उमा दहाची. वाचल्याशिवाय पान फाडायचं नाही, हा अक्काचा नेम. गोणीतून पान काढायचं, अक्काने ते मोठ्याने वाचायचं, मग उमेने त्याचे चार तुकडे करून पुडी वळायची. म्हणजे गोष्ट जसजशी पुढे सरकायची तसतशी मागची गावभर चुलींपाशी जायची. पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती. पुस्तकाचं नाव काय, लिहिलं कुणी, कोण सांगणार?

गोष्टीत एक मुलगी होती, सुमन. तिचा बाप गडावर अडकलेला, आणि त्याला वाचवणारी चिठ्ठी तिने घोड्याच्या खोगिरात शिवून घेतलेली. ती निघाली आणि पुढे एका पानावर एकदम तिचं नाव मालती झालं. उमा गोंधळली.

"ही मालती कोण गं?"

"येडीच हाईस. लगीन झालं असंल. सासरी नाव बदलतात न्हवं? लग्नाची पानं गेली असतील कुणाच्या तरी मिरचीत."

उमेला ते लगेच पटलं. चुलतीचं नाव गेल्याच वर्षी बदललं होतं. मालती नदीवर आली, पाणी चढलेलं, घोडं बुजलं. पुढची सहासात पानं उरली होती आणि तेवढ्यात खडीवरचा पगार झाला.

दुकानासमोर ही झुंबड! अक्का आत तेल मापत होती. अप्पा ओरडले, "उमे, पुड्या आण!" पुड्या संपलेल्या. उमेने समोरची पानं उचलली, टराटरा फाडली, वळून दिली. अक्का बाहेर आली तेव्हा गोणी रिकामी होती.

ती तशीच अनवाणी गावात पळत गेली आणि बायांना पुड्यांचे कागद मागत फिरली. बाया पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "मल्लिनाथअप्पा लईच चिक्कट बग! दिलेली पुडी बी वापस मागाया पोरगी धाडली!" कागद त्यांनी केव्हाच चुलीत घातले होते.

अक्का दोन दिवस उमेशी बोलली नाही. पुढे दोघींची लग्नं झाली, पोरंबाळं झाली, तो विषय कधी निघाला नाही. पण उमाबाईंना एक खोड कायमची लागली. किराण्यातून आलेला कागदाचा कपटा वाचल्याशिवाय टाकायच्या नाहीत. त्यांची सासू म्हणायची, "अगं, मीठ आधी भाजीत घाल, मग पुडीचं पारायण कर!"

तर अक्काने चिठ्ठीचं विचारलं त्या दिवसापासून उमाबाईंनी पुस्तक हुडकायला घेतलं. अक्का आता पेज घेत होती, पण दोन घासांत तोंड मिटायची. डॉक्टर म्हणाले होते, किती दिवस काढतील सांगता येत नाही. जायच्या आधी तिला तेवढं कळावं, एवढाच उमाबाईंचा हट्ट.

रोज पूजा झाली की त्या वहीत आठवेल ते लिहायच्या. घोडं काळं. चित्रात नदीकाठी मोठं झाड. खोगिराला तांबडा दोरा. वही घेऊन वडवणीच्या वाचनालयात गेल्या. तिथल्या माणसाने लेखकाचं नाव विचारलं, मग प्रकाशकाचं, मग म्हणाला, "आजी, नुसत्या घोड्यावरनं कसं हुडकू?" शिवलिंगप्पाने मोबाइलवर पुस्तकवाल्यांच्या एका ग्रुपवर वहीतलं सगळं टाकलं. कुणी म्हणालं बंगाली गोष्ट असेल, कुणी म्हणालं रशियन. एकाने एका पुस्तकाचे फोटो पाठवले. त्यात घोडं होतं, चिठ्ठी नव्हती.

शेवटी त्या माहेरच्या गावी गेल्या. सोसायटीचे तेव्हाचे सेक्रेटरी राधाकिशन अजून होते. ऐंशी ओलांडलेली, कानाने कमी, पण बैठक ताठ.

"शरणार्थ, काका. मी मल्लिनाथअप्पांची धाकटी."

"उमी का? मोठी झालीस की!"

"बासष्ट झालं, काका."

त्यांनी वाचनालयाच्या यादीचं विचारलं. राधाकिशनकाका हसले. "यादी ऑडिटला गेलती. अजून वापस येतीया."

"तुमी तर त्या पुस्तकांपाशी बसायचा. घोड्याची, चिठ्ठीची गोष्ट याद हाय का?"

"म्या कवा वाचलं? मी धूळ झाडायचो." मग स्वतःच जरा ओशाळले. "त्या वक्ताला मान्सं जगवायची होती, पोरी. मिलो उघड्यावर ठिवायचा का? पुस्तकं काढा म्हणले, काढली. अन् तुझा बाप तरी काय साधा व्हता? पुठ्ठ्याचं वजन धरनार न्हाई म्हणला. मग मीच बसलो हितं वट्ट्यावर. पुठ्ठे काढले, शिवण कापली, तारा उपसल्या. सगळी पानं सुट्टी केली अन् पायानं दाबून गोणीत भरली."

उमाबाई पदराचं टोक चिमटीत धरून बसल्या होत्या. "म्हंजे एका पुस्तकाची पानं एका जागी न्हवती?"

"कावून ठिवायची? पुड्याच वळायच्या व्हत्या न्हवं?"

परतीच्या एस.टी.त उमाबाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. सुमनचं लग्न झालंच नव्हतं. सुमन एका पुस्तकातली, मालती दुसऱ्यातली. एकीची चिठ्ठी, दुसरीची नदी. घोडं कुणाचं होतं देव जाणे. दोन पोरींनी पुड्या वळता वळता त्यांची एक बाई केली आणि तिला घोड्यावर बसवून नदीत घातलं. अक्का आज जे विचारत होती ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आणि आपण फाडली ती सहासात पानं? ती तरी मालतीचीच होती की आणखी तिसरीची? पन्नास वर्षं ज्याची बोच घेऊन वावरलो ते आपल्या हातून घडलं होतं की नव्हतं, हेही आता कळायचं नव्हतं. बोच मात्र होती तिथेच होती.

वडवणीला न उतरता त्या थेट परळीला गेल्या. वाटेत शेवट रचायचाही त्यांनी प्रयत्न केला. घोडं पोहलं, पलीकडे लागलं, बाप सुटला. मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं. पण अक्काने एकेक पान स्वतः वाचलेलं. ती लगेच पुढचं विचारणार, आणि आपली जीभ अडखळणार.

अक्का जागी होती. शिवलिंगप्पाची बायको वाटी-चमचा घेऊन बसलेली, पेजेवर साय धरलेली.

"बगा की मावशी, सकाळपसनं दोन चमचे गेलेत."

उमाबाईंनी वाटी हातात घेतली. अक्काने डोळे त्यांच्याकडे वळवले.

"पोचली का?"

उमाबाईंना सगळं सांगायचं होतं. गोणी, शिवण, दोन बाया, फाडलेली पानं. पण या अर्ध्या देहात ती एक गोष्ट तेवढी धडधाकट होती. ती कशी मोडायची? खोटं सांगायचं तर तेही येईना. मनात महादेवाला हाक मारली. तिथूनही काही सुचलं नाही.

"न्हाई अजून, अक्का," त्या म्हणाल्या. "नदीतच हाय ती."

अक्काने डोळे मिटले. पहिल्यांदाच कुणीतरी तिला खरं सांगितल्यासारखा तिचा चेहरा सैल झाला. तोंड जरासं उघडलं. उमाबाईंनी चमचा लावला, तिने गिळला. दुसरा लावला. तिसऱ्यानंतर तिने डोळे उघडले.

"लई पाणी हाय का?"

चमचा हवेत तसाच राहिला. उमाबाईंनी शिवलिंगप्पाच्या बायकोकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पुढची गोष्ट सांगू शकेल असं तिथे दुसरं कुणीच नव्हतं.