फक्त राजांचे घसे

आपलं गिऱ्हाईक नेमकं कोण, हे माझ्या थोरल्या मामांइतकं स्वच्छ ठाऊक असलेला माणूस गोव्यात दुसरा झाला नाही, आणि गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावरही तो जन्माला आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मामा खाणीच्या कचेरीत कारकून होते आणि फावल्या वेळी आमोण्याच्या घरी पडवीत बसून झाडपाल्याची औषधं देत. सुरुवातीला त्यांच्याकडे कोणीही येई. कावीळ, मुरगळलेला पाय, किरकिरं पोर, दूध चोरणारी म्हैस, मामा कोणाला नाही म्हणत नसत. गुण कधी यायचा, कधी नाही. म्हशीला मात्र हमखास यायचा.

एकदा म्हापशाचा एक साबणविक्या बस चुकली म्हणून त्यांच्या पडवीत टेकला आणि चहाच्या मोबदल्यात व्यापाराचं ज्ञान देऊन गेला. "मामा, आपला माल कोणासाठी, ते आधी ठरवावं. सगळ्यांसाठी म्हणणाऱ्याकडे कोणीच फिरकत नाही." त्याचा साबण त्या दिवशी खपला नाही, पण सल्ला खपला. दुसऱ्याच दिवशी मामांनी दारात आलेली म्हैस मालकासकट परत पाठवली. यापुढे फक्त घसा!

पण घसा तर सगळ्यांनाच असतो. भजनी मंडळी आली, मास्तर आले, मासळीवाल्या आल्या. नव्या राज्यात नवे पुढारी पैशाला पासरी झाले होते, तेही गळ्याला मफलर गुंडाळून आले. मामांनी त्यांना पायरीवरूनच वाटेला लावलं. "पुढाऱ्याचो घसो बरो केलो जाल्यार गांवान कितें करचें?" असा त्यांचा सवाल होता आणि त्याचं उत्तर आजवर कोणाला सुचलेलं नाही. मग त्यांनी गिऱ्हाईक आणखी गाळून घेतलं. फक्त नाटकवाले. आमच्या डिचोली-पेडण्यात देव आहे तिथे उत्सव आहे आणि उत्सव आहे तिथे गावकऱ्यांनी बसवलेलं मराठी नाटक आहे, तेव्हा घसा बसलेल्यांना तोटा नव्हता. एवढ्यावरही मामांचं समाधान होईना. शेवटी पडवीच्या खांबावर पाटी लागली: 'येथे फक्त राजांचे घसे बरे केले जातील.' गावागणिक राजा एक आणि नाटक वर्षाला एक, हा हिशेब मामांना कोणी सांगितला नाही आणि सांगितला असता तरी त्यांनी ऐकला नसता.

नियम म्हणजे नियम. शेजारच्या गावातला एक खलनायक आला. त्या नाटकात राजा नुसता सिंहासनावर बसून असे आणि सगळी डरकाळी याचीच. मामा म्हणाले, "पयलीं राजा जा, मागीर यो." म्हणजे आधी राजा हो, मग ये. एका मास्तरांनी तर आपण राजा असल्याची थाप मारली. मामांनी त्यांना अंगणात चालून दाखवायला लावलं. मास्तर या तुळशीपासून त्या माडापर्यंत छाती काढून चालत गेले. मामांनी मान हलवली. "हो राजा न्हय, हो हाजिरी घेता."

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण एक गोष्ट आमच्या घरी कोणालाच हसू येऊ देत नसे. आमोण्याच्या नाटकात राजा व्हायचा तो माझा धाकटा मामा, आणि थोरल्याशी त्याचं बोलणं नव्हतं. राजभाषेच्या चळवळीत थोरले मराठीच्या मोर्च्यात गेले आणि धाकटा कोंकणीच्या सभेत. दोघं कडाकडा भांडले, ते मात्र कोंकणीतच. तेव्हापासून एका अंगणाला दोन दारं झाली. दर वर्षी तिसऱ्या अंकात धाकट्याचा आवाज फाटायचा, थोरले पहिल्या रांगेत बसून तो ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ज्येष्ठमध कुटत बसायचे. धाकटा समोरून जाऊन पणजीच्या डॉक्टरकडून सुई टोचून यायचा. आई भावांना भेटायला पेडण्याहून आली की मला म्हणे, "हे राजे सगळे निमित्ताक. ताका एकूच राजा जाय, आमच्या घरचो." म्हणजे थोरल्यांना हवा होता तो घरचाच राजा.

आणि तो आला, पण राज्य गेल्यावर. घसा कायमचाच गेला म्हणून मंडळींनी त्या वर्षी राजाची भूमिका एका तरण्या ट्रक ड्रायव्हरला दिली आणि धाकट्या मामाला तीन वाक्यांचा प्रधान केलं. त्याच आठवड्यात तो अंगण ओलांडून पायरीशी उभा राहिला. मी आणि आई पडवीतच होतो. त्यानं पाटी वाचली, इतकी वर्षं समोर असून पहिल्यांदाच वाचल्यासारखी, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "राजा न्हय रे हांव आतां. प्रधान."

मला अंगणात चालायला लावलेले मास्तर आठवले. मामांनी पाटीकडे पाहिलं नाही. "उलोवं नाका," त्यांनी त्याला बोलायची मनाई केली. "बस. आ कर." त्यांनी बॅटरी पेटवली आणि भावाच्या घशात बघत राहिले. इतका वेळ, की आईला राहवेना. "कितें सोदता रे इतलें?" मामांना काही दिसत नव्हतंच. डोळे भरून आले होते.

घसा बरा झाला नाही. धाकटा मामा मात्र त्या दिवसापासून रोज चार वाजता यायचा, काढ्याचा कोप, म्हणजे पेला, दोन्ही हातांत धरून बसायचा आणि थोरले त्याला पथ्य सांगत बसायचे. कधी भाषेवरून वाद निघे, तो एकट्या थोरल्यांनाच दोन्ही बाजूंनी घालावा लागे. हे कित्येक वर्षं चाललं. दोघांच्याही पश्चात आईनं मला सांगितलं, की एकदा तिनं तो काढा चाखून पाहिला होता. त्यात ज्येष्ठमध नव्हतं, अडुळसा नव्हता, नुसतं खडीसाखरेचं गरम पाणी होतं. तिनं कोप होता तसा धाकट्याच्या हातात दिला आणि ती आत चहा टाकायला गेली.