न धुतलेलं फडकं

बाळाराम गेल्याचं त्याच्या बहिणीनं, हिराबाईनं, कळवलं, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या नाकात वास आला. आंबलेल्या गोमूत्राचा, वाळक्या रक्ताचा आणि चिरडलेल्या गोचिडींचा. जनावरांचा डॉक्टर असून मला गोचिडीची किळस आहे. गाईच्या कानामागे दाटीनं बसलेल्या, एरंडाच्या बीसारख्या टम्म फुगलेल्या त्या पिशव्या आजही मला बघवत नाहीत. आणि बाळाराम त्या चिमटीत धरून, उताण्या करून, निवांत न्याहाळत बसायचा...

सत्तरच्या दशकात मी कर्जत तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात होतो. बाळाराम तिथला ड्रेसर, जनावरांची मलमपट्टी करणारा. कडावच्या भातशेतकऱ्याच्या घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला अहोजाहो. त्याच्या हातचा चहा मी दोन वर्षं काही ना काही निमित्त काढून टाळला. त्या सुमारास गावोगाव संकरित गाई आल्या होत्या. दूध भरपूर, पण गोचिडीचा ताप भरला की आठवड्याभरात गाय आडवी. हाताशी खात्रीचं औषध नव्हतं. बाळारामची स्वतःची गाय अशीच गेली आणि तो गोचिडींच्या मागे लागला. कुठल्या माळावर त्या आहेत ते आधीच कळलं, तर नवी गाय तिथं न्यायचीच नाही, एवढं साधं त्याचं म्हणणं होतं.

सापळा त्यानंच जमवला. मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून सुका बर्फ यायचा; एसटी दवाखान्याच्या गावी, कशेळ्याला, पोचेपर्यंत त्यातला निम्मा उडून गेलेला असायचा. उरलेला तो भोकं पाडलेल्या डब्यात ठेवायचा. त्याची वाफ म्हणजे गोचिडींच्या लेखी जनावराचा श्वास. डब्याखाली फलालीनचं फडकं. ते आंबलेल्या गोमूत्रात भिजवलेलं, शिवाय गाईच्या अंगावर रक्त पिऊन बसलेले नर महिनोन्‌महिने त्यात चुरडलेले. त्या नरांच्या वासावर बाकीच्या गोळा होतात, हे त्यानं गाई बघून बघूनच ताडलं होतं. मी ते पुढे पुस्तकात वाचलं. फडकं अंथरलं की तासाभरात त्या चहूकडून चालत यायच्या, गवताखालून, ढेकळांमधून, पुढचे पाय उगारत... मी बांधावर नाकाला रुमाल लावून उभा. बाळाराम मांडी घालून मोजायचा आणि म्हणायचा, "या गं बायांनो, या."

हे फडकं एका पत्र्याच्या डब्यात, आणि तो डबा दवाखान्याच्या कपाटात असायचा. एका दुपारी त्याच कपाटातून मी माझा जेवणाचा डबा काढला, तर झाकणावर एक जिवंत गोचीड चालत होती. माझं डोकं फिरलं. बाळाराम कुठल्याशा वाडीवर गेला होता. मी ते फडकं सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातलं, दोनदा धुतलं, मागच्या दोरीवर कडक उन्हात वाळवलं आणि घडी करून परत ठेवून दिलं. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडावला ओढ्याकाठच्या माळावर सापळा लावायचा होता. हिराबाईची गाभण पहिलारू गाय त्या माळावर सोडायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. गावातली माणसं जमली होती. तासाभरात फडक्यावर तीन गोचिडी. बाळारामनं फडकं नाकाशी नेलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "उद्या परत लावू या, डाक्टर." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. परत लावायचा तर का, ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, माळ स्वच्छ आहे, खुशाल सोडा गाय. बाळारामनं फडकं घडी करून डब्यात ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात गाय तापली. मानेच्या गाठी सुजल्या, चारा सुटला. हिराबाई पेजेचं भांडं तिच्या तोंडाशी धरून बसून राहिली... गाय गेली, पोटातल्या वासरासकट. परतताना मी बाळारामला सांगून टाकलं, फडकं मी धुतलं होतं.

"ठाव हाय," तो म्हणाला. "वाडीवरनं आलो तवा दोरीवर वाळताना मी बघितलं व्हतं."

मग बोलला का नाहीस, मी विचारलं.

"चारचौघांत तुमचा शब्द कसा पाडू, डाक्टर?"

त्या उत्तराची मला गोचिडीहून जास्त किळस आली. सख्ख्या बहिणीची गाय घालवणाऱ्या त्याच्या त्या अदबीची, आणि त्या अदबीवर दोन वर्षं टम्म फुगत गेलेल्या माझी. नंतर त्यानं पुन्हा महिने घालवून नवं फडकं तयार केलं, आम्ही सापळा परत लावला आणि तो माळ चराईला बंद झाला. मी त्याच्या हातचा चहा प्यायला लागलो. पण कप उचलताना, यानं हात धुतले असतील ना, हे मनात यायचंच. ते शेवटपर्यंत गेलं नाही.

बाळारामचे दिवस झाल्यावर मी कडावला गेलो. हिराबाई आतून तोच पत्र्याचा डबा घेऊन आली; त्यात ते फडकं होतं.

"दादानं तुमच्यासाठी ठेवलंय. धुवू नका म्हणून सांगितलंय. कशापायी, ते काय बोलला नाय."

मी तेव्हाही तिला सांगितलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. तिची नात तिला वाचून दाखवील. डबा माझ्या गॅलरीत आहे. बायको नाकाला पदर लावून त्याच्या बाजूनं जाते. सकाळी चहाच्या आधी मी झाकण उघडतो, वास घेतो आणि झाकण परत लावतो. फडकं मी धुतलेलं नाही.