के-चारशेदहाचं खानदान

सिंदी रेल्वे या गावात बंडूजींच्या बियाण्याच्या दुकानात शिरलं की एका हाताला युरियाची थप्पी, दुसऱ्या हाताला फवारणीचे पंप, आणि दोघांच्या मधे अंग चोरून बसलेलं त्यांच्या मुलाचं, योगेंद्रचं कंप्युटर सेंटर. सेंटर म्हणजे एक टेबल, एक टेबलफॅन आणि त्यानंच रंगवलेली पाटी. दोन हजार चारचा उन्हाळा होता. बंडूजींनी त्याला पेरणीपर्यंतची मुदत दिली होती. "एक तरी मोठं गिऱ्हाईक आण. नाई तं हा कोपरा मले पायजे, आन् तू गल्ल्यावर बस." योगेंद्रला गल्ल्याचं नाव काढलं तरी घाम फुटायचा.

आणि मोठं गिऱ्हाईक खरंच आलं. टायपिंग क्लासवाल्या शकुंतलाबाई. गावातल्या निम्म्या कारकुनांची बोटं यांच्याच छडीनं वळणावर आलेली. बोलतानाही बाई ठराविक शब्दांनंतर थांबत, मान डावीकडे नेत आणि मग पुढची ओळ सुरू करत. टाइपरायटर मोडीत काढून त्यांना सहा कंप्युटर बसवायचे होते, आणि अट एकच होती. सहाही अगदी एकसारखे. एका मशीनवर शिकलेल्या पोरीचा हात दुसऱ्या मशीनवर अडकता कामा नये.

योगेंद्रला ही अट ऐकून बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. कारण एकसारखेपणाची तहान त्याच्याइतकी कोणालाच नव्हती. कंप्युटरच्या पोटात मदरबोर्ड असतो, म्हणजे ज्या पाटीवर बाकी सगळा संसार मांडलेला असतो ती पाटी. तिच्या नावांनी त्याचं एक आख्खं वर्ष खाल्लं होतं. कंपनी एक, घराणं एक, के-४१०. पण त्याला शेपट्या किती! एम म्हणजे आकारानं लहान, एल म्हणजे नेटवर्कची वायर लावायची सोय. इथवर माणूस विश्वास ठेवतो. पुढं प्रो घ्यावा तर त्यात साध्यापेक्षा रॅमच्या खाचा कमी. प्लसमधे काय वाढवलं ते बहुतेक कंपनीलाही आठवत नसावं. गोल्ड हिरवागार. वैतागून के-४२० मागवावा, तर तो ४१० पेक्षा हलका निघायचा. नागपूरच्या डीलरला फोन केला की तो सुपारी या गालातून त्या गालात नेत म्हणायचा, "सेमच आहे ना भाऊ, नाव तेवढं बदललं." सेम आहे तर बदललं काऊन, असं विचारलं की हमखास लाइन कट.

एवढ्या छळातून त्याला एक गोष्ट कळली होती. एमला हात लावायचा आणि बाकीच्या खानदानाला लांबून नमस्कार करायचा.

नेमकं त्याच आठवड्यात बाईंनी त्याला क्लासच्या वायरिंगवर अडकवून ठेवलं. बंडूजी बियाणं आणायला नागपूरला निघालेच होते, तेव्हा बोर्ड त्यांच्यावर सोपवले. योगेंद्रनं त्यांच्याकडून पाठच करून घेतलं, के-चारशेदहा एम, सहा नग. बंडूजी चिडले. जन्मभर बियाण्याचे नंबर तोंडपाठ ठेवणाऱ्याला हा कालचा पोरगा शिकवतो म्हणजे काय. आणि खरंच ते एक अक्षरही विसरले नाहीत.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं परतले. कपाशीच्या पाकिटांच्या पोत्यातून एकेक खोका बाहेर निघू लागला. एम. मग एल. मग प्रो, प्लस, गोल्ड. शेवटी एक बिनशेपटीचा, नुसताच के-४१०.

योगेंद्र पोत्यावरच बसला. "बाबूजी, सहाही एम सांगतले होते."

"सांगतले होते ना." बंडूजी शांतपणे तांब्याभर पाणी प्यायले. "पण त्या माणसानं समदं खानदान मांडलं पुढ्यात. मी म्हटलं, दे एकेक."

"पण काऊन?"

"आता हे मले तू विचारतं? सारं वावर एकाच वाणाखाली कोणी टाकते का? रोग आला तं सारंच जाईन. वेगवेगळं असलं तं एक बसन, पाच उभे राह्यतीन."

हाच सल्ला ते दर मृगाला गल्ल्यावरून द्यायचे, आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. योगेंद्रला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. त्यानं डीलरला फोन लावला. एम संपला होता. आता निओ आला होता. सेमच.

क्लासचं उद्घाटन सोमवारी होतं, पोरींची नावं लिहून झाली होती. त्यानं आहे तेच जोडायला घेतलं. एमची रॅम प्लसला चालेना. प्रोवर चित्र आलं तर आवाज गेला. सहा बोर्डांच्या सहा सीडी, आणि सहाहींवर छापलेलं काय, तर नुसतं 'के-४१० सिरीज'. एलची सीडी प्रोमधे गेली आणि पडदा निळा पडला. बंडूजी अधूनमधून डोकावून विचारत होते, कोणचा उगवला म्हणून.

सोमवारपर्यंत सहाही चालू झाले. शकुंतलाबाईंनी स्वतः एकेक सुरू केला. सहा पडद्यांवर सहा वेगळी चित्रं आली. एक कंप्युटर दोनदा पिपाणी वाजवून जागा झाला, एकानं सगळ्यांच्या मागून डोळे उघडले. बाई रांगेच्या टोकाला थांबल्या, मान डावीकडे नेली आणि म्हणाल्या, "एकसारखे सांगितले होते."

योगेंद्रनं कालपासून उत्तर घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "सेमच आहेत ना मॅडम, नाव तेवढं वेगळं." आपल्याच घशातून डीलर बोलला हे ऐकून त्याचे कान तापले.

"बरं," बाई म्हणाल्या. "मंग तू इथंच बस. ज्या दिवशी हे सेम नाई राह्यले, त्या दिवशी तुले शोधत मी बियाण्याच्या दुकानात येणार नाई. रोज येजो. क्लास सुटेपर्यंत."

सहाही मशीनं बाईंनी ठेवून घेतली. मोठं गिऱ्हाईक झालं होतं, आणि बंडूजी शब्दाचे पक्के, त्यांनी कोपरा मागितला नाही. पण टेबल रिकामं पडलेलं पाहून आधी त्यावर दोन पंप आले, मग सोयाबीनची पोती आली, मग टेबलच दिसेनासं झालं. योगेंद्र तिकडे क्लासमधे प्लसपासून गोल्डपर्यंत धावत होता. पौर्णिमा नावाची एक पोरगी प्लसवर बसायलाच तयार नव्हती. तिला एम हवा होता. तो तर सगळ्यांनाच हवा होता.

एकदा डबा न्यायला तो दुकानात आला, तर बंडूजी कोण्या शेतकऱ्याला समजावत होते, "मायाच पोराचं पाहा ना. सहा वाण लावले, सहाही उगवले. मास्तर झाला आता." शेतकऱ्यानं मान डोलावली आणि तीन वेगवेगळी पाकिटं मागितली. योगेंद्रनं पोत्यांवरून हात लांबवून डबा काढला आणि क्लासकडे सायकल हाणली. गोल्ड सकाळपासून बंद होता.